नकाशावरच्या अकरा जागा

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, रिपरिप पावसात, माझ्या ओकच्या झाडाखाली एक परका माणूस उभा होता. हातात फोन, पायात शहरी तपकिरी बूट, आणि ते बूट घोट्यापर्यंत चिखलात. आमची कुत्री पिका त्याच्यावर भुंकली नाही. उलट शेपूट हलवत त्याला हुंगायला गेली, याचाही मला राग आला.

"माफ करा," तो म्हणाला, "इथे... जेवण मिळतं ना?"

"झाडाखाली?"

"सहा टेबलं, द्राक्षांचा मांडव, वर ट्रफल किसून घातलेली अंडी." त्याने फोन माझ्यासमोर धरला. "तुमच्या वेबसाइटवर असंच लिहिलंय. मी 'रस्ता दाखवा' दाबलं आणि रस्त्याने मला इथे आणून सोडलं."

वेबसाइट माझीच होती. वर माझं नाव, निवेस, माझा आणि पिकाचा हसरा फोटो, खाली नकाशा.

मोतोवुन गावाच्या खालचं हे जंगल सरकारी आहे. परवाना असेल तो कुणीही कुत्रा घेऊन येतो आणि जमिनीखाली वाढणारं ट्रफल, म्हणजे सोन्याच्या भावाची अळंबी, शोधतो. म्हणून आपल्याला ते कुठे सापडतं, हे इथे कुणी कुणाला सांगत नाही. बाबांच्या अकरा जागा होत्या. गुडघा गेल्यावर त्यांनी त्या मला एकेक करून दाखवल्या, त्यालाही दोन हंगाम घेतले. आमची खानावळ त्या जागांवरच चालते. ट्रफल विकत घेऊन अंड्यांवर किसायचं म्हटलं, तर महिन्याभरात दाराला कुलूप लागेल.

"फोटो फोननेच काढलेत?" त्याने विचारलं.

"नाहीतर काय, कुंचल्याने?"

"फोन फोटोबरोबर जागाही नोंदवून ठेवतो. तुम्ही वेबसाइटसाठी घेतलेला तयार साचा त्या जागा नकाशावर मांडतो."

"मला तर एकच ठिपका दिसत होता. त्यावर अकरा आकडा. मला वाटलं, अकरा फोटो आहेत म्हणून."

"लांबून एकच दिसतो." त्याने दोन बोटांनी नकाशा मोठा केला. एका ठिपक्याचे अकरा झाले. त्यातला एक आमच्या पायाखाली होता.

दर जागेचा एक फोटो मी हौसेने काढला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आधी नकाशा काढून टाकू," तो म्हणाला. "मी सांगतो, तुम्ही करा." त्याने अंगातला कोट काढून माझ्या फोनवर धरला. कोट फोनसाठी होता, माझ्या डोक्यासाठी नव्हता. तरी त्याखाली उभं राहायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"किती जणांनी पाहिलं असेल हे?"

त्याने मला भेटींचा आकडा कुठे दिसतो ते दाखवलं. "तीन आठवड्यांत एकसष्ट. त्यातल्या चव्वेचाळीस... याच फोनवरून."

"मी तपासत होते."

"चव्वेचाळीस वेळा?"

"चांगली दिसत होती!"

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याची सवय मला तेव्हाच कळली. "उरले सतरा. त्यातला एक मी."

"एक माझी मेलबर्नची मावशी."

"म्हणजे पंधरा," तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही हसलो नाही.

त्याचं नाव कोरादो. रियेका शहराचा. मित्राबरोबर जेवायला निघाला होता, मित्राने ऐनवेळी टांग दिली. आणि धंदा काय, तर लोकांच्या वेबसाइट करून देणं! हे त्याने आमच्या मांडवाखाली, अर्धी अंडी पोटात गेल्यावर सांगितलं.

"मग एखाद्या माणसाला का नाही दिलंत हे काम?"

"बोलावला होता एकाला. म्हणाला, पहिल्या पानावर मावळत्या सूर्याचा मोठा फोटो टाकू. आमचं घर उत्तरेला तोंड करून आहे."

"तो वाईट डिझायनर."

"आणि तुम्ही चांगले?"

"मी महाग."

"म्हणजे आता काम तुम्हाला द्यायचं, असंच ना? तुम्ही सगळे सारखेच."

"मुळीच देऊ नका." त्याने पावाने ताटली पुसली. "तुम्ही लिहिलंय, 'बाबा पाहुण्यांना स्वयंपाक शिकवू लागतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.' हे मला कितीही पैसे देऊन लिहिता आलं नसतं. दुकान मोठं असेल, माल देशोदेशी पाठवायचा असेल, तर माणूस ठेवा. सहा टेबलांना मालकिणीचा हात पुरतो. जिथे चटका बसेल तिथे मला विचारा."

"फुकट?"

"जेवणावर."

मी पासवर्ड लिहून द्यायला कागद शोधू लागले. त्याने हात आडवा केला. "तो मला नको. उद्या डिझायनर पळून गेला, तर किल्ली तुमच्याकडे असायला हवी."

"पळणार आहात?"

"आज नाही," तो म्हणाला. "आज वाइन उरलीय."

पुढचे चार रविवार तो आला. लॅपटॉप माझ्यापुढे सरकवायचा आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभा राहायचा.

"उजवीकडे. वर. त्याहून वर..."

"अहो, तुम्हीच करा ना!"

"मग तुम्ही शिकणार कधी?"

"तुम्हाला कुठे घाई आहे?"

हे तोंडातून गेलं आणि मी पडद्याकडे इतकी बघत राहिले की अक्षरं दिसेनात. त्याने माझ्या बाहीवरचं पीठ एका बोटाने झटकलं... जरा सावकाशच. बाबा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "चौथा रविवार आहे. एवढ्यात माणूस विमान उडवायला शिकतो."

बाबांना नकाशाचं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी ओकखाली तीन खड्डे दिसले. उघडे, मुळं तुटलेली. आमच्याकडे खड्डा बुजवल्याशिवाय कुणी उठत नाही. उघडा राहिला की पुढच्या वर्षी त्या जागी काही येत नाही. मी पळत दुसऱ्या जागी गेले, मग तिसऱ्या. अकरापैकी सात खणलेल्या. मी तिथेच ओल्या पानांवर बसून रडले, पिका माझं तोंड चाटत राहिली.

रविवारी तो आला तेव्हा मी त्याला बसूही दिलं नाही.

"तू कुणाला सांगितलंस?"

पहिल्यांदाच मी त्याला 'तू' म्हटलं, आणि ते असं.

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "निवेस, ते पंधरा जण..."

"त्या पंधरांना मी ओळखत नाही. तुला ओळखते. ओळखते असं वाटत होतं."

"मी सांगितलं नाही. याचा पुरावा माझ्याकडे नाही." असं म्हणून तो कोट उचलून गेला.

त्यानंतर वेबसाइट उत्तम चालली. किल्ली माझ्याकडे होती ना! टेबलांची मागणी येत होती, मी उत्तरं देत होते, विकतचं ट्रफल किसत होते. संध्याकाळी मात्र लॅपटॉप उघडला की माझ्या मागे कुणी हात बांधून उभं नाही, हे पाठीला कळायचं. मला तो हवा होता. आणि खरं सांगायचं तर चूक माझ्या हाताने झाली होती. ती जवळ ठेवणं जड जात होतं, तो जवळ उभा होता, मी त्याच्या गळ्यात घातली.

दहा दिवसांनी मी बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडतील म्हणून मी दाराजवळच उभी होते. ते बटाटे सोलत राहिले.

"त्याच्याकडे कुत्रा आहे?"

"मांजर आहे."

"मग मांजराने शोधलं ट्रफल?"

"बाबा! त्याने कुणाला तरी सांगितलं असेल."

"असेल. नसेलही. मला कसं कळणार?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "नकाशा लावला कुणी?"

"मी."

"मग आधी तिथून सुरुवात कर." ते उठले, गुडघा धरून खिडकीशी गेले. "सात गेल्या, तर गेल्या. मुळं भरतील पाच-सहा वर्षांत. तोवर बारावी आहे."

"बारावी?"

"नदीपलीकडे. तुझ्या आईलाही सांगितली नव्हती."

"आणि मला?"

"तू फोटो काढतेस."

जागा त्यांनी सांगितली. मी त्याच दुपारी कोरादोला फोन केला. बोलायचं बरंच ठरवलं होतं, त्यातलं एक वाक्य आलं.

"मी चुकले."

मग मीच पुढे बोलले.

"उद्या सकाळी याल? जुने बूट घाला. आणि फोन आणू नका."

"फोनशिवाय रस्ता कसा सापडेल?"

"पुलावर मी उभी असेन."

तो आला. धुक्यात, कुणाकडून तरी मागून आणलेल्या, दोन मापं मोठ्या रबरी बुटांत. आम्ही नदी ओलांडली, फारसं बोललो नाही. एका वाकड्या ओकशी पिका थांबली, उकरू लागली, आणि मी तिच्या पंज्यांखालून अक्रोडाएवढं पांढरं ट्रफल काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ही कुठली जागा?"

"बारावी. आता तीन माणसांना ठाऊक आहे. बाबांना विचारलं नाही, विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

त्याचा चेहरा उतरला. "मला का दाखवलीत? समजा... मीच सांगितलं असेल कुणाला?"

"तर आमची खानावळ बंद."

"एवढा भरवसा?"

"हो, एवढा." मी म्हणाले. "वेबसाइट मला एकटीला येते, तुम्हीच शिकवलीत. पण रविवार एकटीने जात नाही. मला तुम्ही हवे आहात, कोरादो. कामाला नव्हे."

त्याने ट्रफल माझ्या खिशात ठेवलं, तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी तो खड्डा बुजवू लागला. माती दाबली, वर पानं पसरली, पुन्हा दाबली. मग तसाच मातीच्या हातांनी माझे हात धरून म्हणाला, "दहा दिवस मी तुझी साइट उघडून बघत होतो. चव्वेचाळीसच्या वर गेलो असेन..." आणि पुढचं त्याने बोलून दाखवलं नाही. धुकं होतं म्हणून बरं.

घरी आलो तेव्हा बाबा दारात होते. त्यांनी माझे बूट पाहिले, त्याचे पाहिले, मग त्यांवरचा नदीपलीकडचा निळसर चिखल पाहिला.

"दाखवलीस?"

"हो."

बाबांनी मोठा सुस्कारा सोडला. "मग आता याला घरातलाच करून घे. तेरावी माझ्याकडे नाही."

"खरंच नाही?"

"अंडी किती फोडू?" बाबा म्हणाले.