तिसऱ्या मजल्यावरची उपाशी पाहुणी

“परत आलं! आख्खं ताट परत आलं!”

गौरीशंकर धापा टाकत मागच्या जिन्यापाशी आला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं.

“काय परत आलं?” शिवप्रियानं विचारलं.

“पनीर! रुमाली रोटी! वर दोन गुलाबजाम! तीनशे सातमधल्या आजींनी कशालाच बोट लावलं न्हाय. काल दुपारी असंच, काल संध्याकाळी असंच, आज नाश्त्यालापण असंच!”

“तू काय ताटांवर पाळत ठेवून बसतोस होय रे?” जाई खदखदून हसली.

“मग? सुट्टीत दुसरं काम काय हाय आपल्याला!”

शिवप्रिया मात्र हसली नाही. एखाद्याला एक जेवण आवडत नाही, दुसरं आवडत नाही. पण माणूस पूर्ण दिवस उपाशी राहतो आणि एवढ्या मोठ्या हॉटेलात कुणी विचारतही नाही?

शिवप्रिया आणि गौरीशंकर ही लोहाऱ्याची भावंडं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की धाराशिवला गायत्री आत्याकडं यायचं, हे दरवर्षीचं ठरलेलं. आत्या ‘चांदणवेल’ या बड्या हॉटेलात खोल्यांच्या साफसफाईवर देखरेख करायची आणि हॉटेलमागच्याच चाळीत राहायची. जाई तिच्या शेजारची. तिचे बाबा कचेरीत कारकून होते. तिघांची गट्टी अशी, की एकाला खरचटलं तर तिघं ओरडायची!

पूर्वी सुट्टीतला मुक्काम असायचा तो जुन्या स्टँडसमोरच्या खानावळीत. बंडप्पा आजोबांची ती लिंगायत खानावळ. गिऱ्हाईक बाकड्यावर टेकलं की आधी पाण्याचा तांब्या यायचा आणि तांब्यामागोमाग आजोबा. “कुठल्या गावचं? पाऊसपाणी कसंय तिकडं?” भाकरी वाढता वाढता ते पाहुण्याच्या घरातल्या व्यालेल्या म्हशीपर्यंत चौकशी करायचे. आजोबा गेले. खानावळीच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. पण तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीचा वास शिवप्रियाच्या नाकातून काही गेला नव्हता. त्या दुकानावरून जाताना तिची पावलं अजून आपोआप हळू पडायची.

‘चांदणवेल’चं सगळंच निराळं. काचेची लिफ्ट, पाय रुतेल असा गालिचा आणि मॅनेजर रणधीर सरांचा एक लाडका नियम. त्याला ते म्हणायचे ‘अदृश्य सेवा’.

“पाहुण्याला कामाचा माणूस दिसताच कामा नये!” ते सगळ्यांना बजावायचे. “पाहुणा अंघोळीला गेला की आत शिरा, चादरी बदला, टॉवेलचा हंस करून पलंगावर ठेवा आणि गायब व्हा! पाहुणा बाहेर येऊन बघतो तो काय, जादू!”

आजींचं ताट परत आल्यावर सर स्वयंपाकघरात जाऊन ओरडत होते, “त्यांच्या मुलानं बेंगळुरूहून खोली बुक केलीय! तो आपल्याला इंटरनेटवर एक तारा देईल, एक! संध्याकाळी इटालियन पाठवा!”

“ह्यांना ताऱ्यांची काळजी,” शिवप्रिया उठत म्हणाली. “चला, आपण आजींनाच विचारू.”

“वरच्या मजल्यावर पोरांना बंदी हाय!” गौरीशंकर म्हणाला.

“पोरांना हाय. अदृश्य सेवेला न्हाय!” जाईनं डोळा मारला.

तिघं पाय न वाजवता जिना चढली. तीनशे सातचं दार किलकिलं होतं. शिवप्रियानं आत डोकावलं आणि ती तिथंच थबकली.

एवढा मऊ पलंग सोडून एक म्हातारी बाई खिडकीखाली घोंगडीवर बसली होती. कपाळावर विभूतीचे पांढरे पट्टे. समोर वाटीत सुकलेली बेलाची पानं. डावा तळहात छातीसमोर धरलेला, नजर त्या तळहातावर खिळलेली, ओठ पुटपुटत होते.

आणि तळहात रिकामा होता.

शिवप्रियानं पुन्हा नीट बघितलं. आजोबांना तिनं रोज असंच बसलेलं पाहिलं होतं. लिंगायत घरात बाळ जन्मलं की त्याच्या गळ्यात छोटंसं इष्टलिंग बांधतात. जुनी माणसं ते रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात आणि त्यानंतरच अन्नाला हात लावतात. आजोबांचा तळहात कधी रिकामा नसायचा.

“अज्जी, ऊटा आतेन्री?” जेवण झालं का, असं तिनं हळूच कानडीत विचारलं. लोहाऱ्याच्या गल्लीत तेवढी कानडी सगळ्याच पोरांना येते.

आजींनी चमकून वर बघितलं. किती वेळानं कुणीतरी आपल्याशी बोललं, असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

“कुणाची गं लेकरं तुमी? या, आत या.”

“आजी, तुमचं इष्टलिंग कुठाय?”

त्यांचा हात झटकन गळ्याशी गेला आणि डोळे भरले. इरम्मा त्यांचं नाव. जळकोटच्या घरावर नवा स्लॅब पडत होता, म्हणून ‘आईची आबाळ नको’ म्हणत मुलानं त्यांना चार दिवस इथं ठेवलं होतं.

“काल सकाळी न्हायला जाताना गळ्यातला दोरा तुटला बघ. देव खाली पडू नये म्हणून वस्त्रात गुंडाळल्याला तसाच उशीच्या अभ्र्यात सारला. न्हाऊन येतीय तर गादी गुळगुळीत! अभ्रा न्हाय, उशी दुसरी, आन वर ते टावेलाचं बदक!”

“हंस असतो तो आजी,” गौरीशंकर म्हणाला.

“हंस असू दे न्हायतर बगळा! माझा देव गेला न्हवं? देव हातावर घेतल्याबिगर घास कसा घेऊ? पाण्यानं तेवढं ओठ भिजवतीय.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?” जाईनं विचारलं.

“कुणाला सांगू बाई? इथं माणूसच दिसत न्हाय! ताट येतं, दार उघडंस्तोवर आणणारा गेल्याला. फोन उचलला तर एक पोरगी इंग्रजीतून गोड गोड बोलती.” आजींनी पदरानं डोळे पुसले. “आन लाज वाटती गं. जन्मापासनं गळ्यात हाय. लग्नात हुतं, बाळंतपणात हुतं, मालक गेलं तवाबी हुतं. आता हरवलं म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? वरनं त्या गादी आवरणाऱ्या पोराची नोकरी जायाची.”

मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “मालकांसंगं बाजाराला यायची तवा स्टँडाम्होरं खानावळ हुती. तिथला म्हातारा भाकरीच्या आधी इचारायचा, ‘अक्का, पूजा झाली का? आत जागा करून देतो.’ धुतलेली चटई अंथरून द्यायचा. तसली माणसं गेली.”

शिवप्रिया घोंगडीजवळ सरकली. “ते माझे आजोबा, आजी,” ती म्हणाली.

इरम्मा आजींनी हनुवटी धरून तिचा चेहरा निरखला. तेवढ्यात दारातून आवाज कडाडला.

“मुलं? पाहुण्यांच्या मजल्यावर मुलं!”

रणधीर सर! शिवप्रियानं घाईघाईनं सगळं सांगितलं, पण सरांनी अर्धंच ऐकलं.

“आमच्या हॉटेलात काहीही हरवत नाही! सॉरी मॅडम, त्रास झाला तुम्हाला. संध्याकाळी स्पेशल पास्ता पाठवतो!” आणि त्यांनी तिघांना जिन्यानं खाली पिटाळलं.

“पास्ता!” गौरीशंकर दात-ओठ खात म्हणाला. “आता काय करायचं?”

“अभ्रे धुवायला कुठं जातात?” शिवप्रियानं विचारलं.

“तेरला,” जाई म्हणाली. “कल्याणप्पांच्या धुलाई कारखान्यात. तुझी आत्या नेहमी ओरडते ना, की तो कपडे एक दिवस तसेच टाकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी उकळतो.”

“म्हणजे कालचे कपडे आज उकळणार!” शिवप्रियाचा चेहरा उतरला. इष्टलिंगावर काळं लेपण असतं. आजोबा त्याला गरम पाणी कधी लागू द्यायचे नाहीत. लेपण उतरतं म्हणायचे. इथं तर सोड्याचं उकळतं पाणी!

आत्या लग्नाच्या हॉलमध्ये कामात होती, तिचा फोन नियमाप्रमाणे कपाटात बंद होता, आणि हॉलचा पहारेकरी पोरांना आत सोडेना. मागच्या अंगणात तर तेरचा टेम्पो आजची गाठोडी भरून निघायच्या बेतात होता.

“जाई, तू हॉलच्या दाराशी थांब. आत्या दिसली की सगळं सांग. आम्ही जातो!”

ड्रायव्हर रामकिसन काका तंबाखू मळत होते. त्यांची पाठ वळली आणि दोघं भावंडं चादरींच्या ढिगात गडप झाली! टेम्पो खडखडत निघाला. आत उकडत होतं, चादरींना साबणाचा नि अत्तराचा मिसळलेला वास येत होता, आणि गौरीशंकरला शिंक येत होती.

“नाक दाब!”

“दाबलंय! कानातून येईल आता!”

तेर आलं. नदीकडच्या अंगाला पत्र्याची मोठी शेड होती. आत लोखंडी पिंपातलं पाणी खदखदत होतं आणि भिंतीशी गाठोड्यांची रास लागली होती. दोघांनी टुणकन उड्या मारल्या.

“ए! कोण रे तुमी?” कल्याणप्पा काठी घेऊन आडवे आले. पोट सुटलेलं, खांद्यावर पंचा. “हॉटेलचा माल हाय त्यो. हात लावायचा न्हाय!”

“काका, त्यात एका आजींची वस्तू आहे. फक्त एकदा बघू द्या!”

“वस्तूबिस्तू काय नसतंय. रणधीर सायबाचा हुकूम हाय, संध्याकाळपत्तुर माल पायजे. टाका रे पिंपात!”

एका गड्यानं पहिलं गाठोडं उचललं. शिवप्रिया रडकुंडीला आली. पण गौरीशंकरचं डोकं पोट रिकामं असलं की फार जोरात चालायचं!

“टाका, टाका!” तो मोठ्यानं म्हणाला. “पण तिसऱ्या मजल्याचं गाठोडं जपून बरं का. त्यात ढेकूण आहेत!”

गड्यानं गाठोडं असं फेकलं, की ते थेट कल्याणप्पांच्या पायावर आदळलं.

“ढेकूण?” कल्याणप्पा बेडकासारखे मागं उडाले.

“हे एवढाले! म्हणून तर आम्हाला पाठवलंय वेगळे काढायला. तुम्ही काढता का?”

“छ्या! छ्या! तुमीच काढा बाबांनो! लांब न्या, झाडाखाली न्या! म्या आत्ताच्या आत्ता सायबाला फोन लावतो!”

दोघांनी तिसऱ्या मजल्याच्या चिठ्ठीची गाठोडी लिंबाखाली ओढली आणि सोडली. अभ्रेच अभ्रे! सगळे पांढरेशुभ्र, सगळे सारखे.

“कसं ओळखायचं गं ताई?”

शिवप्रियानं क्षणभर डोळे मिटले. आजोबांची उशी आठवली. कितीही धुतली तरी डोकं टेकायच्या जागी राखाडी डाग.

“विभूती! आजींच्या कपाळावरची विभूती अभ्र्याला लागली असणार! राखेचा डाग बघ!”

बराच वेळ दोघं अभ्र्यावर अभ्रा उलगडत राहिली. तेलाचे डाग, लिपस्टिकचे डाग, चहाचे डाग... आणि मग एका अभ्र्यावर पुसट राखाडी पट्टे! शिवप्रियानं तो चाचपला. कोपऱ्यात जांभळाएवढं काहीतरी टणक, कापडात गुंडाळलेलं.

“सापडलं!” गौरीशंकरनं हात आत घातला.

“थांब! दुसऱ्याचं इष्टलिंग आपण हाताळायचं नाही. अभ्र्यासकट नेऊ.”

इतक्यात धुरळा उडवत एक गाडी आली. आधी रणधीर सर उतरले, टाय खांद्यावर गेलेला.

“ढेकूण? माझ्या हॉटेलात ढेकूण? कुठायत?”

त्यांच्यामागून गायत्री आत्या आणि जाई उतरल्या. जाईनं लांबूनच अंगठा वर केला.

“ढेकूण नाहीत, सर,” शिवप्रिया म्हणाली. तिनं अभ्रा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. “आम्ही खोटं बोललो. खरं सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही ऐकलं नाही.”

सरांनी टाय सरळ केला. आत्यानं पुढं होऊन अभ्र्याला कपाळ टेकवलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, “सर, ही वस्तू उकळत्या पाण्यात गेली असती, तर त्या आजींना आपण काय सांगणार होतो?”

परतताना सरांनी अभ्रा धरलेल्या शिवप्रियाला पुढच्या सीटवर बसवलं.

इरम्मा आजींनी अभ्रा उघडला, देव कपाळाला लावला आणि लहान पोरीसारख्या रडल्या. मग त्यांची पूजा होईपर्यंत सगळे बाहेर थांबले. सरसुद्धा! आत्यानं घरून पीठ आणून हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाकरी थापल्या. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेऊन सगळे आत गेले.

आजींनी भाकरी मोडली, पण हात थांबला. “मी एकटी न्हाय जेवायची. बसा समदी. व्हय, तुमीबी बसा, सायेब.”

रणधीर सर कोट सावरत घोंगडीच्या काठावर मांडी घालून बसले.

“कुठलं म्हणायचं तुमी?” आजींनी विचारलं.

सर गोंधळले. बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी असं विचारलं नसावं. “ढोकीचा, आजी,” ते म्हणाले. “आई असते तिथं.”

“जेवती का वेळंवर?”

सरांनी मान खाली घालून चटणीला बोट लावलं. मग म्हणाले, “माझं चुकलं, आजी. उद्यापासून आमची माणसं दार वाजवतील, विचारतील, मगच पलंगाला हात लावतील. आणि हे मला तुमच्या ह्या पोरांनी शिकवलं.”

“पोरं गुणाची हायती,” आजी म्हणाल्या. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला आणि उरलेली भाकरी शिवप्रियाच्या ताटात सरकवली. “बंडप्पा असता तर आज लई खूश झाला असता बघ.”

गौरीशंकर तिसऱ्या भाकरीवर होता. शिवप्रियानं भाकरी आधी नाकाशी धरली. अगदी खानावळीतला वास! आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

जाई दार लावायला उठली, तशा आजी म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गं बाई, उघडंच ऱ्हाऊ दे. माणसांचा आवाज येऊ दे आत.”