हवालदार बर्गे यांची साक्ष

"आमचं हवालदार खोटं बोलत्यात, मॅडम," दीपमाला बर्गे म्हणाली. "आन् उभ्या जन्मात ते कवा खोटं बोललं न्हाईत."

साताऱ्यातल्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात ती बसली होती. भार्गवी पाटणकर खासगी तपासाची कामं घ्यायची. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले शरच्चंद्र तिच्या वडिलांचे मित्र. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून ते तिची गाडी चालवत आणि मनात आलेली शंका लगेच बोलून टाकत.

दीपमालानं सगळं सांगितलं. तिचा नवरा जोतिबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागला. तिथंच खोली घेऊन राहायचा, सुट्टीला कोरेगावजवळच्या गावी यायचा. सात-आठ महिन्यांपूर्वी त्याच्या डोक्याला जबर मार लागला. कित्येक दिवस शुद्ध नव्हती. जीव वाचला, पण माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. बोलता बोलता शब्द हरवतात, जरा आवाज झाला की चिडतो, रानात गेला तर बांध चुकतो. नोकरी तर गेलीच.

"कामावर असताना इजा झाली तर मालकाला भरपाई द्यावी लागते," भार्गवी म्हणाली. "घरी झाली तर नाही."

"व्हय. मी सांगलीच्या कोर्टात अर्ज केलाय. कारण दवाखान्यात त्यांची कापडं माझ्या हातात दिली, तवा ती सगळी लोखंडाच्या भुकटीनं माखल्याली हुती. पण हे सोताच म्हणत्यात, मी खोलीवर पडलो. वकील म्हनले, असं बोलला तर अर्ज गेला." तिनं पदर सारखा केला. "पैशापायी खोटं बोलणार न्हाई, म्हणत्यात. मग खोटं कुणापायी बोलत्यात, तेवढं शोधून द्या."

दुसऱ्याच दिवशी दोघं तिच्या गावी गेले.

जोतिबा अंगणात ताठ बसला होता. डोक्याला टोपी. त्यानं दोघांना रामराम घातला आणि आत बघून म्हणाला, "आगं, पावण्यांस्नी कळशीतलं गार पानी दे."

भार्गवीनं त्याला त्या दिवसाबद्दल विचारलं. तो जराही अडखळला नाही. एरवी शब्द शोधणारा माणूस धडा म्हटल्यासारखा बोलला.

"ड्युटी संपवून खोलीवर आलो. पाण्यानं भरल्याली बिंदगी घेऊन पायऱ्या चढत हुतो. पाय निसटला. उताणा पडलो, डोस्कं मागं पायरीच्या कडंला आपटलं. तोंडातनं फेस आला. मान डाव्या अंगाला लोंबत हुती. कारखान्याच्या शेठनी गाडी आणली, मागच्या शिटावर घातलं."

"त्या दिवशी दुपारी डब्यात काय होतं?"

जोतिबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "न्हाई ध्यानात."

"ऊन होतं, की पाऊस?"

"न्हाई."

"जरा टोपी काढता?"

त्यानं टोपी काढली. डोक्याच्या अगदी मधोमध, टाळूवर, केस न उगवलेला एक वेडावाकडा व्रण होता.

परतताना शरच्चंद्र म्हणाले, "भार्गवी, हा माणूस खोटं बोलत नाहीये. चाळीस वर्षं मी माणसं बघितलीत."

"मलाही तसंच वाटतं, काका," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

कुपवाडमध्ये जोतिबाच्या खोलीची मालकीण शालूबाई दारातच भेटली. खोलीपुढे चार-पाच बुटक्या पायऱ्या होत्या.

"मी काय बगितलं न्हाई बाई," शालूबाई म्हणाली. "मी पोरीकडं मिरजंला गेल्ते. रातच्याला आले तवा बिराप्पा म्हनला, हवालदार तुमच्या पायऱ्यावरनं पडला. बिराप्पा म्हंजी त्यांच्याच कारखान्यातला, पलीकडल्या खोलीत ऱ्हातो. लय जीव लावतो हवालदाराला. रोज दवाखान्यात जाऊन बसायचा. हवालदाराची ही गाडीसुदिक दुसऱ्या दिशी त्यानंच आणून लावली." तिनं भिंतीला टेकवलेल्या, धुळीनं भरलेल्या मोटारसायकलकडे बोट केलं. "तवापास्नं हितंच हाय."

"मित्र असावा तर असा," शरच्चंद्र म्हणाले.

कारखाना जवळच होता. पंपाच्या लोखंडी बॉड्या बनवणारा. मालक सुमंतशेठ सभ्य, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला.

"फार वाईट वाटलं हो. दवाखान्याचा सुरुवातीचा खर्च मी स्वतः केला. पण कारखान्याचा काय संबंध? ड्युटी सुटल्यावर माझ्यादेखत स्वतःच्या मोटारसायकलवर बसून गेला. नंतर बिराप्पाचा फोन आला, म्हणून मी गाडी घेऊन खोलीवर गेलो."

बिराप्पा शेडमध्ये होता. जत तालुक्यातल्या कर्नाटक सीमेवरच्या गावचा, चाळिशीचा, दणकट गडी. डोक्यावरच्या आडव्या लोखंडी तुळईला चेन पुली टांगलेली. साखळी ओढून तो एक जड बॉडी उचलत होता. साखळी जुनी, तेलानं काळीकुट्ट. खालचा हुक मात्र नवाकोरा, त्याच्या तोंडावरची पट्टी चकाकत होती.

"हवालदार बिंदगी घेऊन चडत हुता," साखळीकडेच बघत बिराप्पा म्हणाला. "पाय निसटला. तोंडातनं फेस आला. मान डाव्या अंगाला लोंबत हुती..." पुढचं न बोलता त्यानं साखळी ओढली.

बाहेर येताच शरच्चंद्रांनी हात झटकले. "संपलं. दोघांची हकीकत शब्दाला शब्द जुळते. बिचारी दीपमाला."

"शब्दाला शब्द जुळते," भार्गवी म्हणाली. "काका, लग्नाला एकत्र गेलेली दोन माणसं जेवणाचंसुद्धा एकसारखं वर्णन करत नाहीत."

पुढच्या रविवारी सुमंतशेठ जोतिबाच्या गावी आले. अर्ज मागे घेतला तर माणुसकी म्हणून काही मदत करू, असा त्यांचा निरोप आधीच आला होता. बिराप्पाला त्यांनी बरोबर आणलं होतं. अंगणात भार्गवी आणि शरच्चंद्र आधीच बसलेले बघून शेठ जरा थबकले.

"बरं झालं आलात," भार्गवी म्हणाली. "दीपमालाताईंनी मला एकच प्रश्न दिला होता. हवालदार खोटं का बोलतात? उत्तर असं, की ते खोटं बोलतच नाहीत. जे आठवतं, तेच सांगतात."

दीपमालाचा चेहरा पडला. शेठ हसले.

"फक्त ती आठवण त्यांची नाही."

जोतिबानं मान वर केली.

"हवालदार, तुम्ही म्हणालात, माझी मान डाव्या अंगाला लोंबत होती, तोंडातून फेस आला होता. बेशुद्ध माणसाला स्वतःची मान लोंबताना कशी दिसेल? ती दुसऱ्या कुणीतरी बघितली. आणि जे फक्त तुम्हालाच ठाऊक असायला हवं, दुपारचं जेवण, ऊन की पाऊस, ते तुम्हाला आठवत नाही. डोक्याला असा मार लागला की आधीचे काही तास पुसले जातात. तुमचा तो सगळा दिवसच पुसला गेलाय."

"पण मला दिसतंय की!" जोतिबा म्हणाला. "बिंदगी, पायऱ्या..."

"आत्ताही बिंदगीच म्हणालात. परवा ताईंना पाणी सांगितलंत तेव्हा काय म्हणालात?"

उत्तर दीपमालानं दिलं. "कळशी. आमच्यात कुणीच बिंदगी म्हणत न्हाई."

"सीमेकडचा शब्द आहे तो. इथं जमलेल्यांत तो एकाच माणसाचा."

शरच्चंद्रांनी नकळत बिराप्पाकडे पाहिलं. बिराप्पा जमिनीकडे बघत होता.

"म्हणजे गोष्ट बिराप्पाची," भार्गवी म्हणाली. "पण ती तरी खरी होती का? उताणं पडलेल्या माणसाला डोक्याच्या मागं लागेल. यांचा घाव टाळूवर आहे. म्हणजे वरून काहीतरी पडलं. आणि शेठ, तुमच्यादेखत हे मोटारसायकलवर बसून खोलीवर गेले ना? मग ती मोटारसायकल दुसऱ्या दिवशी बिराप्पानं खोलीवर कुठून आणली? हवालदार गाडीवर बसून गेलेच नाहीत. ते कारखान्यातून थेट दवाखान्यात गेले आणि गाडी मागं राहिली."

"हा सगळा तर्क झाला," शेठ म्हणाले. मृदूपणा ओसरला होता.

"तर्कच. साखळी जुनी आणि हुक नवा, हाही तर्कच. जुन्या हुकाला पट्टी नसावी. पट्टी नसली की हिसक्यानं माल निसटतो. साखळी कुणाच्या हातात होती, ते मात्र मी सांगणार नाही. ते ज्याचं त्यानं सांगावं."

बिराप्पानं जमिनीवरची नजर वर केली.

"माज्याच हातात हुती. हुकाची पट्टी तुटल्याली, शेठला कवाचं सांगितलं हुतं. बॉडी निसटली, तुळईच्या खांबाला आपटली आन् तिचा कोपरा वरनं हवालदाराच्या डोस्क्याला लागला. शेठ म्हनले, पोलीस तुलाच धरतील, साखळी तुज्या हातात हुती. कारखाना बंद पडंल, समद्यांची पोटं जातील. खोलीवर पडला म्हन."

"बिराप्पा!" शेठ ओरडले.

"आता काय ओरडताय?" बिराप्पा जोतिबाकडे वळला. "तू शुद्धीवर आलास, तवा सारखा इचारायचास, मला काय झालं? मी ह्येच सांगायचो. तू इसरायचास, परत इचारायचास, मी परत सांगायचो. आन् एक दिवस मी गेलो, तर तूच मला सांगाया लागलास. बिंदगी, पायऱ्या, समदं. तवा माज्या अंगावर काटा आला, गड्या. लय वाटलं, खरं सांगावं. पण तुज्या डोळ्यांपुढनं त्ये काडू कसं?"

जोतिबानं स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. त्याला राग येत होता की नाही, शरच्चंद्रांना कळेना.

"मला अजून त्येच दिसतंय," तो शेवटी म्हणाला. "मॅडम, कोर्टात मी काय सांगू? बिराप्पा सांगतोय त्ये तर मला आठवत न्हाई."

"मग तेवढंच सांगा. मला आठवत नाही."

"बस्स?"

"तुमच्याकडे तेवढंच खरं आहे. बाकीचं सांगणं बिराप्पाचं काम."

सुमंतशेठ केव्हा उठून गेले, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सांगलीच्या कामगार न्यायालयात हवालदार जोतिबा बर्गे सावधानमध्ये उभा राहिला. "साहेब, त्या दिवसाचं मला काहीएक आठवत नाही," एवढंच म्हणाला. त्यानंतर बिराप्पाची साक्ष झाली, शालूबाईची झाली. शेठच्या वकिलानं पुष्कळ उलटसुलट विचारलं, पण बिराप्पा ढळला नाही. काही महिन्यांनी निकाल लागला. इजा कामावरच झाली होती. भरपाई व्याजासकट द्यायची होती. बिराप्पाची कारखान्यातली नोकरी तोवर गेली होती.

निकालाच्या दिवशी सगळे बाहेर आले. दीपमालाला रडूच आवरेना. बिराप्पा लांब, फाटकापाशी उभा होता, जवळ यायला धजत नव्हता. जोतिबा सावकाश चालत त्याच्यापाशी गेला. शरच्चंद्रांना उगीचच धाकधूक वाटली आणि तेही चार पावलं मागोमाग गेले.

"बिराप्पा, एक इचारू?"

"इचार."

"तू रोज दवाखान्यात येऊन माज्या उशाला बसायचास, आसं मला आठवतंय. त्ये तरी माजं हाय, का त्येबी कुणी सांगितल्यालं?"

बिराप्पानं मान डोलावली. मग म्हणाला, "तुजंच हाय, हवालदार. त्ये मी कुनाला सांगितल्यालं न्हाई."

जोतिबानं थोडा विचार केला.

"मग चल," तो म्हणाला. "च्या घेऊ."