नोबूबाईंचा खेळ

सन पन्नासची गोष्ट. प्रांताचं नाव नुकतंच मध्यप्रदेश झालं होतं आणि माझी बदली नागपूरहून बुऱ्हाणपूरच्या मुलींच्या शाळेवर झाली होती. मी विधवा, मूलबाळ नाही. गावात ओळखीचं कोणी नाही. शाळेला जागा कमी पडत होती, म्हणून लालबागेकडचा एक बंद बंगला पाहायला मी दुपारी निघाले.

बंगला एका जपानी कापूसवाल्या शेठचा. राखणीला मालूबाई नावाची म्हातारी होती. तिनं दिवाणखाना उघडला. सरकीचा कोंदट वास, आणि भिंतीला टेकून दोनच खुर्च्या.

"शेठची बायको, नोबूबाई, इथं खेळ करायची," मालूबाई म्हणाली. "तिकडं जपानात मोठी नाटकवाली होती. फिलिममधी बी होती. लगीन झालं अन् सगळं सुटलं. इथं तिची बोली कोणाला समजे नाही. मंग रोज चार वाजता तोंडाला तांदळाची पिठी फासून अख्खं नाटक एकटीच करायची, मी पाहायची. मले एक शबुद कळे नाही, पण रडू यायचं."

"आता कुठं असतात त्या?"

"जपानशी लढाई लागली, इंग्रजाच्या पोलिसांनी दोघांना कैद्यांच्या छावणीत नेलं. तिथंच वारली ती… सात वरसं झाली." मालूबाई खुर्चीवर टेकली. "बसा मास्तरीणबाई. चार वाजले."

का कोण जाणे, मी बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग समोरच्या फरशीवर पावलं सरकली… हलकी, मोजे घातल्यासारखी. तांदळाच्या पिठीचा वास आला. एक बारीक आवाज काहीतरी विचारू लागला, थांबला, स्वतःच उत्तर देऊ लागला. समोर कोणीच नव्हतं. तरी उठून जावंसं वाटेना. या गावात आल्यापासून माझ्यासमोर इतका वेळ कोणी बोललंच नव्हतं.

आवाज थांबला. फरशीवर कोणीतरी वाकल्यासारखं कापड सळसळलं.

"टाळी वाजवा…" मालूबाई कुजबुजली. "त्याबिगर ती जात नाही."

मी टाळी वाजवली. आणि आमच्या पाठीमागून, थिएटर भरलेलं असावं तसा टाळ्यांचा कडकडाट उठला. मी गर्रकन वळले. मागं नुसती भिंत.

मालूबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सात वरसं मी एकटीच वाजवते, मागून कधी टाळी आली नाही…" ती माझ्यापासून खुर्ची दूर सरकवत म्हणाली. "मास्तरीणबाई, तुमच्यासंगं कोण कोण आलं?"