पातेल्यातलं पान

द्रौपदीच्या थाळीचं रहस्य मी अडीच पानांत सोडवलं होतं. चाळीस वर्षं खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काढली. आता पुराणातल्या चमत्कारी अन्नाची शास्त्रीय कारणं शोधायची, हा माझा निवृत्तीतला उद्योग. कृष्णाने थाळीला चिकटलेलं भाजीचं एक पान खाल्लं आणि तिकडे नदीवर दुर्वासांची, त्यांच्या शिष्यांची पोटं भरली. माझं उत्तर सोपं होतं: उपाशीपोटी नदीचं पाणी ढोसलं की पोट फुगतं, आणि एकाने ढेकर दिला की दहा जण देतात.

हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी हे वाचून दाखवलं. श्रोते मोजकेच: मुलगा आमोद, सून तेजस्विनी आणि तिच्या मांडीवर माझी सव्वा महिन्याची नात. स्वयंपाकाच्या मुक्ताबाई ओटा आवरत होत्या. लोणी काळभोरहून येणाऱ्या या बाईंची एक खोड होती. पातेल्यात भाजीचं एक पान त्या मुद्दाम ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी नवी भाजी झाल्यावरच ते पातेलं घासायच्या.

"हा घ्या प्रयोग," म्हणत मी मेथीचं ते पान बोटाने उचललं.

"तेवढं ऱ्हाऊ द्या, सायेब."

"का? दुर्वास जेवायला यायचेत?"

पान तोंडात टाकून मी सगळ्यांपुढे हात जोडले. "तृप्त व्हा." आमोद हसला. मुक्ताबाई रिकाम्या पातेल्याकडे बघत राहिल्या. त्यांचा तो चेहरा आठवला की अजून मला शरमेने मान वर करवत नाही.

संध्याकाळी कुणालाच भूक नव्हती. उकाडा, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी आमोदने डबा जसाच्या तसा परत आणला. मला मात्र सडकून भूक लागत होती. मी पाच पोळ्या खाल्ल्या, मग सात.

तिसऱ्या दिवशी नातीने दूध सोडलं. ताप नाही, रडणं नाही. छातीशी धरलं की तोंड फिरवायची, पंगतीत जेवून उठलेल्या माणसासारखी. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. वजन मात्र उतरलं होतं. उद्यापर्यंत प्यायली नाही तर दाखल करा, म्हणाले.

"बाबा, तुमचं शास्त्र काय म्हणतं?" तेजस्विनीने विचारलं. तो टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला. मोठ्यांच्या मनाचे खेळ मी समजावले असते. पण तान्ह्या पोरीला महाभारत कुणी सांगितलं होतं?

मुक्ताबाईंनी मला ओट्याशी गाठलं. "सायेब, तुमी जेवता तवर ती पीत न्हाई. म्या बघतीया."

"हे आहे तरी काय?"

"मला काय ठावं? माझी आय पान ठेवायची, म्हून मी ठेवते. तुमी उपाशी ऱ्हावा."

मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नुसत्या पाण्यावर राहिलो. अकराला ती प्यायली. चारला पुन्हा. तेजस्विनीला रडू फुटलं, आमोदने उभ्याउभ्याच दोन पोळ्या खाल्ल्या. योगायोग, मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्यांच्या एकादशीची चेष्टा करण्यात माझी हयात गेली होती. उपास कसा काढतात ते मला ठाऊकच नव्हतं. उपासाच्या दुसऱ्या दुपारी भूक असह्य झाली. सगळे आतल्या खोलीत होते. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं. टोपलीत चतकोर भाकरी होती. तिच्यावर लसणीची चटणी घेतली.

एक तुकडा फक्त.

मग दुसरा.

थांबायला हवं होतं. ते मला कळत होतं.

चतकोर संपला.

हात धुऊन, चूळ भरून मी आत गेलो. नात पाळण्यात निवांत पडली होती, दूध नाकारून. तेजस्विनी तिचा पापा घ्यायला वाकली आणि तशीच थबकली.

"बाबा, जरा इकडे या ना. हिच्या तोंडाला लसणीचा वास येतोय."

मी दारातच ओठ घट्ट मिटून उभा राहिलो.