तीनशे वीस फेरे

सकाळी नऊला फोन आला. भिवंडीतल्या एका कारखान्यात कापड विणायच्या लूमचा पट्टा तुटून कारागीर विठूच्या डोळ्यावर बसला होता. उपनिरीक्षक नेत्रा पोचल्या तेव्हा विठू इस्पितळात बेशुद्ध होता आणि इथे गुन्हेगार तयार होता.

सुपरवायझर धनेशने फिटर दिनेशचं मनगट आवळून धरलं होतं. दारात दिनेशची बायको मनिषा उभी होती.

"यानेच काल मोटार उघडली, मॅडम. लूम दुप्पट पळाला. पट्टा टिकणार कसा?" धनेश म्हणाला.

"खोटा हाय," दिनेश म्हणाला. "पट्ट्याला चीर व्हती. मी काल सांगलेला, बदला. हे बोलले, चालव तसाच."

"मीटरच सांगेल."

धनेशने नवा पट्टा चढवून लूम सुरू केला आणि चाकावर फेरे मोजणारं आरपीएम मीटर रोखलं. मिनिटाला तीनशे वीस. मग शेजारचा लूम चालू केला.

"तो नका चालवू," दिनेश म्हणाला.

"गप्प बस." शेजारी आकडा आला एकशे साठ.

मनिषाने डोळ्यांना पदर लावला. हवालदार अनंता दिनेशला गाडीकडे नेऊ लागला.

नेत्रा मात्र कान देऊन उभ्या होत्या. दोन्ही लूमची खटखट एकाच चालीत पडत होती.

"हे मीटर फेरे मोजतं कसं?"

"चाकावरचा स्टिकर लाल उजेडासमोरून गेला की एक फेरा."

"स्टिकर कोण लावतं?"

"मीच. मीटर न् स्टिकर माझ्याच कपाटात, कुलपात." धनेशला याचा अभिमान होता.

"हा लूम बंद करा."

चाक थांबलं. नेत्रा वाकल्या.

"इथे दोन स्टिकर आहेत, समोरासमोर. एका फेऱ्याला मीटरने दोन मोजले. इथे माणसाच्या भुवयांवरही सुताची धूळ बसते. एका स्टिकरवर ती आहे, दुसरा लख्ख. म्हणजे तो आज लावलाय."

त्यांनी तो सोलून काढला. "आता चालू करून मोजा."

एकशे साठ.

नेत्रांनी तुटका पट्टा उचलला. तुटलेली कड अर्धी ताजी होती, अर्धी धुळीने काळी. "ही चीर जुनी आहे, धनेश. दिनेश खरं बोलत होता. विठूला लागल्यावर दोष दुसऱ्याच्या माथी मारायला तुम्ही आकडा बनवलात."

दारातच थांबलेल्या अनंताने दिनेशला सोडून धनेशचा हात धरला.

दिनेश बायकोकडे गेला नाही. तो धावला शेजारच्या चालू लूमकडे, आणि बटण दाबून तो बंद केला.

"याच्या पट्ट्यालाबी चीर हाय, मॅडम," तो म्हणाला. "तुमी त्याच्याच समोर उभ्या व्हत्या."