अजून पाच मिनिटं

नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी खिडकीत कागदी चांदणी लावायची, म्हणून गुनवोर टॉर्च घेऊन मागच्या शेडमध्ये गेली. दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. उत्तर ध्रुवाजवळच्या त्या गावात सूर्य दहा दिवसांपूर्वी बुडाला होता, तो आता जानेवारीच्या शेवटापर्यंत तोंड दाखवणार नव्हता.

चांदणी लेकीच्या, तिरिलच्या, जुन्या बाबागाडीत सापडली. याच गाडीत तिरिल तान्ही असताना लोकरीत गुंडाळून दुपारची बाहेर ओसरीवर झोपायची. उणे आठ असो की दहा, गावातली सगळीच बाळं अशी बाहेर झोपतात आणि आया आत कामं उरकतात. गादीखाली पुठ्ठ्याचा एक खोका होता. त्यात बेबी मॉनिटरची दोन पांढरी यंत्रं होती. एक बाळाजवळ ठेवायचं, ते ऐकतं. दुसरं आईजवळ, त्यातून आवाज येतो. एका यंत्रावर अस्वलाचं चित्र चिकटवलेलं होतं.

गुनवोर खोका हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. चोर पकडायची युक्ती आयती हाती आली होती.

चोर म्हणजे पंधरा वर्षांची तिरिल. आणि गुनवोर कोण, तर गावच्या शाळेची आरोग्यसेविका. रात्री नऊनंतर मुलांच्या खोलीत फोन नको, असं पालकसभेत बोट नाचवून तिनेच सांगितलं होतं. आता तिचीच लेक गणिताच्या पुस्तकावर डोकं टेकून झोपायची. शाळेतल्या बाईंचे दोन निरोप आले, दोन्हींच्या शेवटी हसरा चेहरा, आणि तो चेहराच गुनवोरला जास्त झोंबला. तिने फोन पावाच्या पत्र्याच्या डब्यात घालून फळीवर ठेवायला सुरुवात केली, इंटरनेट बंद केलं, टॅब्लेट गाडीत नेऊन टाकला. कानीकपाळी ओरडून घसा बसला. तरी रोज सकाळी पोरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. महिन्याभरात ती इतकी उतरली होती की एकदा जिन्यात भोवळ येऊन बसली. नवरा, एइलिफ, मासेमारीच्या बोटीवरून फोनवर म्हणाला, वय आहे, होईल ठीक. सकाळी तिला उठवायला तो कुठे घरी असायचा?

तिरिलचं उत्तर ठरलेलं होतं. “माझ्याकडे काही नाहीये गं मम्मा. तुझ्याच खोलीतून आवाज येतो, त्याने झोप लागत नाही.”

नाचता येईना, अंगण वाकडं. गुनवोर ते कानाआड करायची.

त्या रात्री नऊ वाजता तिरिलने न मागता फोन आणून डब्यात टाकला. वर म्हणाली, “हवं तर कुलूप घाल.” ती दात घासायला गेली, तेवढ्यात गुनवोरने नव्या बॅटऱ्या घालून अस्वलाचं यंत्र तिच्या पुस्तकांमागे सरकवलं. दुसरं आपल्या उशाशी ठेवलं. पावणेअकराला अंथरुणात शिरल्यावर वेळ जायला स्वतःचा फोन हातात घेतला. ती काही पंधरा वर्षांची नव्हती. शिवाय कामाचे निरोप पाहायचे होते.

घरात हीटरची बारीक घरघर, बाहेर खाडीवरचा वारा. यंत्रावरचा हिरवा दिवा स्थिर होता. बऱ्याच वेळाने, म्हणजे तिला साडेअकरा वाटले तेव्हा, तो दिवा लुकलुकला. यंत्रातून आधी करकर आली, जुन्या स्प्रिंगवर कुणी हलकेच जोजवावं तशी. मग खोलीत ओल्या लोकरीचा आणि बर्फाचा वास आला. खिडकी तर बंद होती. आणि मग अगदी हळू, लाडिक आवाजात कुणीतरी म्हणालं,

“अजून पाच मिनिटं…”

सापडली! गुनवोर तीन ढांगांत लेकीच्या खोलीत पोचली. दिवा लावला. तिरिल भिंतीला टेकून जागी बसली होती, रजई खांद्यावरून, दोन्ही हात रिकामे. गुनवोरने उशी झटकली, रजई ओढली, गादी उचलून पाहिली. काही म्हणजे काही नाही. त्याने तिचा संताप आणखीच वाढला.

“मी माझ्या कानांनी ऐकलंय,” ती म्हणाली. “लबाड आहेस तू.”

तिरिल रडली नाही. फक्त आईकडे पाहत ती पुटपुटली, “मी नव्हते.” गुनवोरने दार आपटलं.

सकाळी ती शाळेच्या डब्याला ब्रेडवर तपकिरी चीज लावत होती. तिरिल आली आणि अस्वलाचं यंत्र तिने टेबलावर ठेवलं. गुनवोर आधी ओशाळली, मग आवाज चढवून म्हणाली की काय वाईट केलं, निदान खरं कळलं.

“हे तुझं यंत्र आहे मम्मा,” तिरिल म्हणाली. “तू उलटी ठेवलीस.”

“अस्वल बाळाचंच असतं.”

“मग हे बघ. याला जाळी आहे, आवाज यायला. आणि तुझ्याकडच्याला नुसतं सुईएवढं भोक आहे, ऐकायला. त्यातून आवाज येऊच शकत नाही.”

गुनवोरने उशाजवळचं यंत्र आणलं, उलटंपालटं करून पाहिलं. जाळी नव्हती. तेव्हा आठवलं, अंधारात आपलं चटकन सापडावं म्हणून अस्वल तिनेच आपल्या यंत्रावर चिकटवलं होतं. तिने ते अस्वलाच्या यंत्राशेजारी ठेवलं.

“रात्रभर मी तुझी खोली ऐकली,” तिरिल खाली मान घालून सांगू लागली. “नख काचेवर लागतं ना, तसं. टिक… टिक… टिक. तू थांबलीस की कुणी एक बाई म्हणायची, अजून पाच मिनिटं. की तू परत सुरू. भिंतीतून मी ते महिनाभर ऐकतेय. तुला सांगत होते.”

गुनवोर म्हणाली की फोन तिने अर्धा तास पाहिला असेल, फार तर पाऊण. साडेअकराला तर ती तिरिलच्या खोलीत आली होती.

“तू आलीस तेव्हा पावणेपाच वाजले होते.”

फोनने सगळा हिशेब मांडून ठेवला होता. पावणेअकरा ते पहाटे चार चाळीस, एकदाही खाली न ठेवता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण लाज वाटण्याआधी गुनवोरला दुसरंच काहीतरी आठवलं. तिरिल तान्ही होती तो हिवाळा. नवाकोरा टचचा फोन. ओसरीवर बाबागाडी, ओट्यावर यंत्र, त्यातून रडणं येत होतं आणि तिने मनाशी म्हटलं होतं, अजून पाच मिनिटं. आपण मनाशी म्हटलं, असंच तिला आजवर वाटत होतं. बाहेर गेली तेव्हा पोरीने रजई लाथाडलेली होती, बोटं पांढरी पडली होती आणि रडणं थांबलेलं होतं. तिने तिला छातीशी धरून तासभर ऊब दिली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, एइलिफलाही नाही.

“माझं चुकलं,” ती लेकीला म्हणाली. “तू खरं बोलत होतीस. मीच ऐकलं नाही.”

तिरिलने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. डोकं किती हलकं झालं होतं.

त्या रात्री दोघींचेही फोन पावाच्या डब्यात गेले. बॅटऱ्या काढून दोन्ही यंत्रं कचऱ्यात टाकली. गुनवोरने आपली गादी तिरिलच्या पलंगाशेजारी घातली. दहाच्या आत पोर गाढ झोपली. एकसारखा, खोल श्वास. महिन्यात पहिल्यांदा. गुनवोरला बरं वाटून रडू आलं. पुढच्या पालकसभेत खरं काय ते सांगायचं, असंही तिने ठरवून टाकलं.

तिचा डोळा लागत होता, तेव्हा लोकरीचा वास आला.

मग करकर… दाराबाहेर, नंतर दाराच्या आत. गुनवोर हलली नाही. तो आवाज आता बोलेल म्हणून तिने कानांवर हात घट्ट दाबले. तिने हात काढले, तेव्हा तिरिल बोलत होती. डोळे मिटलेले, श्वास झोपेचाच.

“नको… आज तिला झोपू दे.”

समोरच्याचं ऐकून घ्यावं तशी तिने मान कलती केली.

“बरं… मग मी जागते.”

रजईवर तिचा अंगठा हलू लागला, फोनच्या काचेवर फिरावा तसा. वर, वर, वर. गुनवोरने तो मुठीत घट्ट धरला. तो बर्फासारखा गार होता, आणि मुठीतही थांबेना.