मऊ केलेला घास

नको. मला तो मलिदा नको, ताट तिकडे सरकवा. तुम्ही खा, पोरांनो, खुशाल खा. निखाऱ्यावरची भाकर, खजूर, तूप... आपली ही हुनैनी आवडत नाही असा माणूस अख्ख्या बुरैदा शहरात शोधून सापडायचा नाही. मलाही आवडायची. बर्जसनं मला जे सांगितलं, ते ऐकलं त्या दिवसापासून सुटली. बर्जस म्हणजे माझ्या शेजारचा, पाण्याचा टँकर चालवतो तो. साधी थाप मारायची तरी त्याला घाम फुटतो, तेव्हा त्यानं रचून सांगितलं असं मला म्हणू नका. आणि फवाज, बोटं चाटू नकोस रे, पुसून घे. बघवत नाही मला.

तर बर्जसच्या आईनं अकरा दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. आजार असा काही नाही, वासनाच उडाली. दात तर कधीचेच गेलेले, तोंडात नावाला एक उरला नव्हता. डॉक्टरनं सांगितलं, रविवारपर्यंत चार घास पोटात गेले तर ठीक, नाहीतर नाकातून नळी घालू. म्हातारी उसळली. "नाकातून? उंटीण आहे का मी, वेसण घालायला?"

"मग खा ना, आई," तिची मुलगी मुदी रडकुंडीला आली होती. "काय करून देऊ, सांग तरी."

"तुझा बाप करायचा तसा मलिदा. उघड्यावर, राखेत भाजलेल्या भाकरीचा. गॅसवरचा आणाल तर थुंकेन. मला वास कळतो."

"दात कुठेत तुला?"

"हिरड्या आहेत की! तू तुझं बघ."

बर्जस ऐकत होता. म्हणाला, मी आणतो करून. रजबची तेरावी रात्र, गुरुवार. रात्रीची इशाची नमाज झाली आणि साडेआठला तो गाडी घेऊन निघाला. बरोबर कणीक, तूप, कॉफीचं सामान, झाकणाचा एक पत्र्याचा डबा आणि दोन किलो सुक्करी खजूर. त्यातली एकेक बी त्यानं दुपारीच स्वतः काढली होती. आईच्या हिरडीला लागायला नको म्हणून.

बाप जिथे तंबू टाकायचा तो खळगा शहरापासून पन्नास किलोमीटरवर, जुन्या उंटवाटेला लागून. टिपूर चांदणं होतं आणि गाडीतला तापमानाचा काटा चार अंश दाखवत होता. बाभळीचे ओंडके उतरवले, जाळ केला, आणि मग गड्याच्या लक्षात आलं, लोखंडी तिवई घरीच राहिली! आता पातेलं ठेवायचं कशावर? वाळूत दगड कुठले? जरा लांब गेल्यावर दोन सापडले. वीतभर वर आलेले, उभे, एकमेकांपासून पुरुषभर अंतरावर. घट्ट बसले होते. हलवून हलवून काढले त्यानं. तिसरा पाय म्हणून गाडीचा जॅक लावला.

का रे, खाता खाता थांबलात का? कळलं ना? आपल्याकडे कबरीला नाव नसतं, गाव नसतं. उशाला एक दगड, पायथ्याला एक. शेंबडं पोरही ओळखेल. बर्जसनंही दिवसा ओळखले असते. पण डोक्यात आई होती आणि हात गारठले होते. उचलले आणि आणले.

निखारे बाजूला ओढले, तापलेल्या वाळूत भाकर पुरली, वरून राख लोटली. कॉफी उकळत ठेवली. पातेल्यात खजूर मऊ व्हायला टाकला. छान वास सुटला होता, म्हणे. दहा चाळीस झाले होते.

तेवढ्यात समोरून सलाम आला.

धुरापलीकडे एक माणूस उभा. डोक्याचा रुमाल नाकापर्यंत गुंडाळलेला, अंगावर जुना जाड अंगरखा. गाडी नाही, उंट नाही, कुत्रंसुद्धा नाही. पण शेकोटीवर आलेल्याला कोण विचारतो, तू कोण, कुठला? बापानं शिकवलंय काय आपल्याला? पाहुण्याला तीन दिवस नाव विचारायचं नाही. बर्जस उठला. "या, या. बसा. अगदी वेळेवर आलात."

माणूस बसला. बर्जसनं कॉफी ओतून कप दिला. पाहुण्यानं रुमालाखालून तोंडाला लावला आणि परत पुढे केला. हलवला नाही. कप हलवत नाही तोवर ओतायचं, ही रीत. बर्जसनं ओतली. पुन्हा पुढे. पुन्हा ओतली. पाच झाले, सात झाले, नऊ झाले. कप काही हलेना.

"थंडी फार आहे," बर्जस उगीच म्हणाला.



मग त्याला दिसलं. पाहुण्याच्या मांडीखालची वाळू भिजत होती. काळा ओला डाग पसरत चालला होता. प्यायलेली कॉफी पोटात थांबतच नव्हती... आणि वास. आधी वाटलं, ओंडक्यात मेलेलं काही असेल. सरडा, उंदीर. गोड, कुबट, जिभेवर बसणारा वास.  पण पाहुण्यासमोर नाकाला रुमाल कसा लावणार? बर्जस दात आवळून बसला. कॉफीचं भांडं रिकामं झालं तेव्हाच कप खाली ठेवला गेला.

त्यानं भाकर उकरून काढली, राख झटकली, तशीच गरम गरम कुस्करून खजुरात घातली. आता तूप. तुपाचा डबा गाडीत राहिला होता. दहा पावलं. गेला आणि आला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल.

मागून आवाज येत होता. मचमच... मचमच...

पाहुण्याचा हात पातेल्यात मनगटापर्यंत बुडाला होता. नखं लांब, वळलेली, आत ओली माती. त्यानं मूठभर लगदा काढला. रुमाल खाली केला. तोंडात कोंबला. चावला. खूप वेळ चावला. तोंडातून काळी लाळ दाढीवर ओघळत होती.

मग वाकला. सगळं परत पातेल्यात थुंकला.

लाळेची तार ओठापासून पातेल्यापर्यंत लोंबत राहिली. तुटेना. त्यानं ती बोटानं गुंडाळून घेतली आणि लगद्यात कालवली. कालवताना आत काहीतरी वळवळलं. पांढरं. एकच नाही.

"मऊ करतोय," पाहुणा म्हणाला. मायेनं म्हणाला, हेच बर्जसला आजही सहन होत नाही. "आईला दात नाहीत ना."

बर्जसनं आईचं नाव काढलं नव्हतं. चकार शब्द नाही.

"तुम्हाला... कुणी..."



आणि पुन्हा मूठ. पुन्हा मचमच.

बर्जसच्या हातून तुपाचा डबा सुटला. त्यानं लाथ मारून पातेलं उलटवलं, दगड इकडे तिकडे उडाले आणि तो धावत गाडीत बसला. किल्ली लागेना.  गाडी सुरू झाली तेव्हा आरशात दिसलं... पाहुणा वाळूवर ओणवा झाला होता. सांडलेला लगदा चिमटीचिमटीनं गोळा करत होता. लाडू वळत होता. एकेक लाडू नीट, हलक्या हातानं, शेकोटीपाशीच राहिलेल्या बर्जसच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत होता.

वाटेत दोनदा गाडी थांबवून बर्जस ओकला. पोटात काही नव्हतं तरी ओकला. अंगरख्याच्या बाहीला तो वास लागला होता, म्हणून अंगरखा काढून खिडकीतून फेकला आणि त्या थंडीत नुसत्या सदऱ्यावर गाडी हाकली. एकच विचार. आईला काय सांगू? भूक म्हणून तोंड उघडलं होतं तिनं, अकरा दिवसांनी पहिल्यांदा, आणि हा रिकाम्या हातानं परत चाललाय. रस्त्याच्या कडेला बसून तो लहान मुलासारखा रडला. असा किती वेळ गेला त्याला कळलंच नाही.

दोन वाजून पाच मिनिटांनी दार वाजवलं. मुदीनं उघडलं. हसत होती.

"परत का आलास? काही विसरलास का?"

"परत?"

"आणि हे काय, अंगरखा कुठेय? मघाशी तर अंगात होता, रुमालही नाकापर्यंत गुंडाळून आला होतास. एक शब्द बोलला नाहीस माझ्याशी, रागावलायस का?" मग तिनं त्याचा हात धरला. "जाऊ दे. आई जेवली रे! सहा लाडू खाल्ले. तू भरवत होतास आणि ती पाखरासारखी चोच उघडत होती. मी दारात उभी राहून रडले."

बर्जस तिला ढकलून आत पळाला.

म्हातारी डोळे मिटून पडली होती. ओठांना तूप लागलेलं. हनुवटीवर काळा ओघळ. आणि तोंड हलत होतं. झोपेतसुद्धा. मचमच... मचमच...

त्यानं तिचा जबडा धरला आणि तोंडात बोट घातलं.

"काय करतोस! खाऊ दे की तिला!" मुदी किंचाळली.

बोटाला लगदा लागला. गार. बर्फासारखा गार, बुळबुळीत, आधीच कुणीतरी चावून चावून पातळ केलेला. त्यानं तो ओढून काढला.

म्हातारीनं डोळे उघडले. "दे इकडे," ती म्हणाली. "माझा घास आहे तो."

त्यानं दिला नाही. मोरीत गेला, नळाखाली धरला. खजूर विरघळून गेला. तळहातावर काहीतरी टणक उरलं. त्याला वाटलं, बी राहिली असेल एखादी.

म्हातारीला नळी लागली नाही. जगली, अजून जगतेय, चारी ठाव जेवते. ते टणक मुदीनं रुमालात बांधून ठेवलंय, आणि मी ते हातात घेऊन पाहिलंय.

दाढ आहे. माणसाची. म्हातारीच्या तोंडात तर एकही नव्हती. तीन मुळांसकट, आणि मुळाशी रक्त लागलेलं. ताजं होतं, म्हणे, त्या रात्री.